आयटीच्या मॅडमना, अकाउंट्सकडून

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं कळलं. निरोपाच्या भाषणांत सर्व्हर, बॅकअप, नवं नेटवर्क हे सगळं येईलच. मला आभार मानायचे आहेत ते त्यात न येणाऱ्या एका गोष्टीचे. "हा मेल खरा आहे का हो?" असं विचारत येणाऱ्याला तुम्ही कधी हसला नाहीत. वैतागलाही नाहीत, निदान आमच्यासमोर तरी.

त्या पुरवठादाराच्या बिलाचंच घ्या. ओळखीची कंपनी, आधीच्याच पत्रव्यवहाराला दिलेलं उत्तर, खाली आमचे जुने मेल जसेच्या तसे. म्हणणं एवढंच, की आमचं बँक खातं बदललंय, या वेळचे पैसे नव्या खात्यात टाका. शुद्धलेखनाची एक चूक सापडली तर शपथ. मी विचारायला आले तेव्हा तुम्ही पाठवणाऱ्याचा पत्ता स्क्रीनवर मोठा करून दाखवलात. कंपनीच्या नावात जिथे एम हवा, तिथे आर आणि एन एकमेकांना खेटून बसले होते. बारीक अक्षरात कोणाचाही डोळा फसावा असे.

मग तुम्ही हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची एरवी न दिसणारी नोंद, उघडलीत. आता हा मेल तपासणीत नापास झालेला दिसणार, अशी माझी खात्री होती. तर पाठवणारा पत्ता खरा का हे बघणाऱ्या तिन्ही तपासण्या, एसपीएफ पास, डीकिम पास, डीमार्क पास! तुम्ही शांतपणे सांगितलंत की या तपासण्यांतून मेल त्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या, परवानगीनेच निघालाय एवढंच कळतं. ते डोमेन घेणाऱ्याची नियत कळत नाही. चोराने स्वतःच विकत घेतलेल्या डोमेनचे कागद चोख असणारच. ब्राउझरमधल्या कुलपाचंही तेच. मधल्या वाटेवर कोणी वाचू शकत नाही एवढी त्याची हमी, पलीकडे कोण बसलंय याची नाही. आमचे जुने मेल त्यांच्या हाती लागले कसे, तर बहुतेक पुरवठादाराकडचा कोणाचा तरी मेलबॉक्स आधीच फुटला असणार, हेही तुम्हीच उलगडून सांगितलंत. शेवटी आम्ही फोन लावला तो मेलखालच्या नंबरवर नाही, जुन्या करारातल्या नंबरवर. खातं अर्थातच बदललेलं नव्हतं.

अकाउंट्सवाल्यांना ही युक्ती नवी वाटू नये म्हणून त्या दिवशी तुम्ही एव्हाल्डास रिमासाउस्कसची गोष्ट सांगितली होतीत. लिथुआनियाच्या या माणसाने २०१३ ते २०१५ या काळात एका तैवानी पुरवठादाराच्या नावाने खोटी बिलं पाठवून गूगल आणि फेसबुककडून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तिथेही पैसे सोडणारे अकाउंट्सवालेच, हे ऐकून आमच्या विभागात बराच वेळ कोणी बोललं नव्हतं.

लिंक वाचायची तुमची रीतही आता अंगवळणी पडली आहे. सुरुवातीचं https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपाशी थांबायचं आणि तिथून डावीकडे उलटं वाचायचं. डॉट कॉमच्या लगेच आधी जे नाव, तोच मालक. बँकेचं नाव त्याच्याही आधी कितीदा का लिहिलेलं असेना, त्याला काही किंमत नाही. आणि पासवर्ड साठवून ठेवणाऱ्या पासवर्ड मॅनेजरने आपणहून पासवर्ड भरला नाही तर हाताने टाइप करायला जायचं नाही, आधी पत्ता बघायचा. ओटीपी असला म्हणून निर्धास्त राहायचं नाही, कारण खोटं पान तो त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकू शकतं. जाहिरातींच्या साध्या कचऱ्यावर तुम्ही फार वेळ घालवू दिला नाहीत: ओळखीच्या कंपनीचा असेल तर अनसबस्क्राइब, अनोळखी असेल तर काही न दाबता थेट स्पॅममध्ये.

पण या सगळ्याहून मोलाची वाटते ती तुमची उत्तर द्यायची पद्धत. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांचे प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने पासवर्ड बदलायला सांगणारा असाच एक खोटा मेल आला. त्यांच्या माणसांनी तो आयटीला दाखवलाही. उत्तर आलं की मेल खरा आहे, पासवर्ड लगेच बदला. लिहिणाऱ्याने नंतर सांगितलं, खरा नाही असंच लिहायचं होतं, घाईत चुकलं. म्हणजे विचारूनही घात झाला! तुमचं उत्तर मात्र कायम तीन तुकड्यांत यायचं: "खोटा आहे. काही दाबू नका. मला पाठवा." गैरसमजाला जागाच नाही.

आणि साहेबांना मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलतं केलंत, त्याबद्दल तर विशेष आभार. "माझ्या नावाने पैशाचा किंवा गिफ्ट कार्डचा मेल आला तर मला फोन करायचाच, मी चिडणार नाही," हे त्यांच्या तोंडून आल्यावर ज्युनिअर मुलांची भीड चेपली. परवा एकाने खरंच केला फोन. मेल खरा निघाला, आणि साहेब चिडले नाहीत.

तुमच्या जागी जे कोणी येतील त्यांना तेवढं सांगून ठेवा, अकाउंट्सची माणसं फार प्रश्न विचारतात.

आपली,
अकाउंट्समधली एक सहकारी