चव्वेचाळीसाव्या दुरुस्तीचे दीड मार्क

संपादक महोदय,

कालचा अग्रलेख वाचला. रात्रीच लिहिणार होतो पण बीपीची गोळी घेऊन झोपलो, सकाळी परत वाचला आणि परत डोकं फिरलं. पोरांना म्हणे घटनेचं काही पडलेलं नाही, सगळी मोबाईलमध्ये. वा! पडलेलं नाही, की आपण पडू देत नाही?

माझी नात दहावीला आहे. घटनादुरुस्त्या तिला फोन नंबरसारख्या पाठ. ४२ मिनी संविधान, ४४ मालमत्ता, ६१ मतदान १८, ७३ पंचायत, ८६ शिक्षण. परवाच्या चाचणीत ४४ वर टीप आली. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला हे पोरीनं लिहिलं आणि पुढं माझ्या दादाचं लिहिलं.

दादाला आणीबाणीत, जुलै ७५ मध्ये रात्री मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबायच्या कायद्याखाली उचलला. कपडे भरायला दहा मिनिटं दिली, वहिनी म्हणाली दोन भाकऱ्या बांधून देते तर हवालदार खाली बघत म्हणाला, राहू द्या बाई. का धरलं ते कोणी सांगेना, कारण सांगायचं बंधनच नव्हतं त्यांना. वहिनीनं पाटल्या मोडून वकील दिला, हायकोर्टात अर्ज टाकला, आणि २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणी आहे तोवर माणूस का डांबलाय हे विचारायला कोर्टात यायचंच नाही. न्यायमूर्ती खन्ना तेवढे एकटे विरोधात. पाटल्या गेल्या त्या गेल्याच, दादा सुटला ७७ साली. मग १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीनं ठरलं की आणीबाणी असली तरी कलम २० आणि २१ ला, म्हणजे मनमानी शिक्षेपासूनच्या संरक्षणाला आणि जगण्याच्या-स्वातंत्र्याच्या हक्काला, हात लावायचा नाही, आणि 'अंतर्गत अशांतता' असलं मोघम कारण चालणार नाही, सशस्त्र उठावच पाहिजे. पोरीनं हे सगळं पाऊण पानात बसवलं होतं हो, पाटल्यांसकट! त्यावर लाल पेनानं शेरा, "पुस्तकाबाहेरचे लिहू नये". चारपैकी दीड.

शाळेत भेटायला गेलो. बाई म्हणाल्या, आजोबा, मॉडेल आन्सरमध्ये नाही ते, बोर्डात पण मार्क जातील, तिचंच नुकसान. बाई वाईट नाहीत, साठ पोरांचे गठ्ठे घरी नेऊन तपासतात बिचाऱ्या. पण दीड? निदान दोन तरी!

६१ चं पण तेच. ८९ च्या नोव्हेंबरात आमचा मेव्हणा एकोणीसाव्या वर्षी मत देऊन आला, आधीचा २१ चा नियम असता तर घरीच बसला असता, बोटावरची शाई जाऊ नये म्हणून आठवडाभर डाव्या हाताला साबण लावला नाही त्यानं. नातीला सांगितलं तर हसली आणि म्हणाली, आजोबा हे नका सांगू, मी परत लिहून येईन.

बरं, तुमचा अग्रलेख ज्या पानावर, त्याच पानावर खाली क्लासची जाहिरात, इतिहास-राज्यशास्त्र दोन दिवसांत, हमखास प्रश्नांसह. ती अग्रलेखापेक्षा मोठी होती, मी पट्टी लावून मोजली.

आणि एक, रविवारची पुरवणी तीन आठवडे आलेली नाही. पेपरवाला म्हणतो वरूनच येत नाही. शब्दकोड्याची उत्तरं मात्र सोमवारी न चुकता छापताय, ती कशाला?

आपला,
एक जुना वाचक, सांगली