मॅशचे तापमान ७८ नव्हे, ६६

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला घरी बिअर बनवण्यावरचा लेख वाचला. किटचा डबा, म्हणजे तयार माल्टचा घट्ट पाक, सोडून थेट धान्यापासून बिअर बनवावी, असा त्याचा सूर आहे. मी याच वाटेने गेले आहे, त्यामुळे या विषयाला एवढी जागा मिळाल्याचा आनंद झाला. पण सोबतच्या तक्त्यात 'भरडलेले माल्ट ७८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवावे' असे छापले आहे. कोणी तसे केले तर त्याचा दिवस आणि धान्य दोन्ही वाया जाईल, म्हणून लगेच लिहायला बसले.

जव भिजवून मोड आणले आणि वाळवले की त्यांचे माल्ट होते. या खटाटोपात दाण्यात स्टार्चची साखर करणारी विकरे तयार होतात. त्यांतली दोन आपल्या कामाची. बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंशांच्या आसपास जोमात असते आणि यीस्टला सहज खाता येईल अशी साखर देते. अल्फा-अमायलेजला थोडी जास्त ऊब लागते, साधारण ६८ ते ७२. दोघांकडूनही काम करून घ्यायचे म्हणून मॅश, म्हणजे भरडलेले माल्ट आणि गरम पाणी यांचे मिश्रण, ६५ ते ६८ अंशांवर धरतात. ६५ ला धरला तर बिअर हलकी, कोरडी होते. ६८ ला धरला तर तोंडात भरीव लागते. ७८ ला मात्र बीटा काही मिनिटांतच निकामी होते आणि अल्फाही फार टिकत नाही. ७८ हा आकडा खरा आहे, पण तो शेवटच्या टप्प्याचा: साखर उतरल्यावर विकरांचे काम थांबवायला आणि चोथ्यात अडकलेले गोड पाणी धुऊन काढायला. तक्त्यात हे दोन टप्पे एकात एक मिसळले आहेत.

माझे नोकरीचे सारे आयुष्य दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत गेले. दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरची सवय असल्याने बिअरची घनता मोजणारा हायड्रोमीटर हातात घेताना काही नवे वाटले नाही. खरी मजा आली ती आयोडीनच्या थेंबाने. पांढऱ्या बशीत मॅशमधले चमचाभर पाणी घ्यायचे, साल आणि भरड त्यात येऊ द्यायची नाही, आणि वर आयोडीनचा एक थेंब सोडायचा. सुरुवातीला तो काळानिळा पडतो, म्हणजे स्टार्च अजून शिल्लक आहे. थोड्या वेळाने जांभळट-तांबूस होतो आणि शेवटी आयोडीन आपल्या मूळ पिवळसर-तपकिरी रंगावरच राहते. इकडे भांड्यातले पिठूळ, गढूळ पाणी निवळत गेलेले असते आणि बोटांना चिकट लागते. किटमध्ये हे सगळे कारखान्यात आधीच झालेले असते. धान्याकडे वळल्यावर हातात काय येते, असे मला कोणी विचारले तर मी हा एक तास दाखवीन.

पण लेखाच्या मुख्य म्हणण्याशी मी सहमत नाही. किटची बिअर पातळ आणि उग्र लागते, म्हणून धान्याकडे जा, असे त्यात म्हटले आहे. पातळपणाचे कारण बहुधा साखर असते. नेहमीचा डबा १.७ किलोचा, त्यात किलोभर पांढरी साखर घालून २३ लिटर करायला सांगतात. ती साखर पूर्ण आंबते, मागे काहीच ठेवत नाही. तिच्याऐवजी माल्टची पावडर घातली की तोच डबा वेगळा लागतो. पाव किलो क्रिस्टल माल्ट (दाण्यातच साखर होऊन भाजलेले माल्ट) ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवून, गाळून ते पाणी उकळून घातले तर धान्याची चवही येते. उग्रपणा येतो तो आंबवताना. एल या जरा उबेत आंबवायच्या बिअरचे बहुतेक यीस्ट १८ ते २० अंशांवर स्वच्छ काम करते. आंबताना बिअर स्वतः गरम होते, हे पुष्कळांना माहीत नसते; भांड्यातले तापमान खोलीपेक्षा काही अंश वर असते. ती २६-२७ वर गेली की झोंबणारी चव येते, आणि ती उत्तम माल्ट वापरूनही जात नाही.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले, ते बिअर का बिघडते याचा शोध घेताना. दोष धान्यात नव्हता, भलत्या यीस्टमध्ये होता. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की किटवरच आंबवण्याचे तापमान सांभाळायला आणि भांडी निर्जंतुक ठेवायला शिकावे. हायड्रोमीटरचा आकडा लागोपाठ दोन-तीन दिवस हलला नाही की मगच बाटल्या भराव्यात, नाहीतर त्या फुटतात. हे जमल्यावर धान्य आणावे.

आणि धान्यासाठी लेखात दिलेली तीन भांडी, पंप, नळ्या असे काही लागत नाही. एक मोठे पातेले, बारीक जाळीची मजबूत पिशवी आणि थर्मामीटर एवढ्यावर होते. १० लिटर बिअरसाठी अडीच किलो भरडलेले माल्ट आणि २० लिटरचे पातेले पुरते. १५-१६ लिटर पाणी ६९ अंशांपर्यंत तापवायचे, पिशवी आत सोडायची आणि भरड हळूहळू ढवळत घालायची, गाठी होऊ द्यायच्या नाहीत. धान्य थंड असल्याने तापमान आपोआप ६६ च्या आसपास उतरते. वर जाड कापड गुंडाळून तासभर ठेवायचे, मग पिशवी उचलून निथळू द्यायची. पुढे तासभर उकळी, सुरुवातीला कडवटपणासाठी हॉप्सची फुले, शेवटच्या पाच मिनिटांत सुगंधासाठी. पातेले थंड पाण्याच्या टबात लवकर निववायचे आणि मगच यीस्ट घालायचे. पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर ते आधी घालवावे, नाहीतर बिअरला औषधासारखी चव येते. हायड्रोमीटरवर सुरुवात १.०४८ ला आणि शेवट १.०१० ला झाला तर सुमारे ५ टक्के मद्यार्क होतो.

ही दुरुस्ती कृपया पत्रांच्या सदरात न देता पुढच्या रविवारी तक्ता होता त्याच पानावर द्यावी. तक्ता कापून ठेवणारे वाचक पत्रे वाचतातच असे नाही.

आपली,
एक नियमित वाचक