थोरलीला आत्ताच नागपूरला नको

तीर्थरूप आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही. अंगणात बायका कापसाची गाठोडी घेऊन बसल्या होत्या, किलोकिलोचा हिशेब चालला होता आणि बाबा तिकडून विचारत होते, "मग काय ठरलं?" असल्या गोष्टी फोनवर ठरत नाहीत, म्हणून लिहायला बसले आहे. मुलं झोपली आहेत. तुमचे जावई गव्हाला पाणी द्यायला गेले आहेत, कारण या आठवड्यात शेतावरची लाईट रात्रीची आहे.

बाबांचं म्हणणं वाईट नाही, म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड जातंय. थोरली आता सातवीत. गावातली शाळा इथेच संपते, पुढे एसटीने जावं लागणार. त्यापेक्षा जूनपासून तिला तुमच्याकडे ठेवायचं, मिशनच्या शाळेत घालायचं. चालत जाता येईल इतक्या अंतरावर आपलं ख्रिस्ती देऊळ, संडे स्कूल, गायनमंडळी, तिच्या वयाच्या दहा-पंधरा ख्रिस्ती मुली. आई तिची वेणी घालेल, बाबा तिचं इंग्रजी घेतील. हे सगळं मला दिसतं. पण बाबा, शेवटी तुम्ही एक वाक्य बोललात, "चार घरांच्या मंडळीत पोरगी ख्रिस्ती कशी राहील?" ते मात्र माझ्या मनातून जात नाही. शाळेचं नंतर बोलू, आधी याचं सांगते.

चार घरं म्हणजे आमचं, मोठ्या दिरांचं, निवृत्त गुरुजींचं आणि आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंचं. गुरुजी मेथडिस्ट, सिस्टरबाई कॅथलिक. पाळकसाहेबांकडे बरीच गावं आहेत, ते महिन्यातून दोनदा येतात, तेही जमलं तर. बाकीच्या रविवारी आमच्या ओसरीवर सतरंजी पडते आणि उपासना आम्हीच चालवतो. सिस्टरबाई जपमाळ हातात धरून बसतात, गुरुजी प्रार्थनेला सुरुवात करतात आणि डाळ करपेपर्यंत थांबत नाहीत. बाबा, 29 नोव्हेंबर 1970 ला तुम्ही शाळकरी पोर होतात आणि ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या मैदानावर सहा चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालेलं पाहिलंत, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तुमचं घराणं स्कॉच मिशनचं, आईचं अँग्लिकन. लग्नानंतर कितीतरी दिवस आई गुडघे टेकायची तेव्हा तुम्ही बसून राहायचात, ही गोष्ट आजीच रंगवून सांगायची. तसंच आमच्या ओसरीवर दर रविवारी चालतं, फक्त त्याला बिशप लागत नाहीत.

आणि इथे माणसं कमी म्हणूनच मुलांच्या अंगावर कामं येतात. मी नागपुरात वाढले, एवढं मोठं देऊळ, एवढा ऑर्गन, पण शास्त्रपाठ वाचायला माझा नंबर कधी लागला? माझ्यापेक्षा चांगलं वाचणाऱ्या मुली रांगेत होत्या. इथे थोरली आठ-नऊ वर्षांची असल्यापासून वाचते, कारण यांचा चष्मा नेहमी शेतात राहिलेला असतो. सुरुवातीला 'थेस्सलनीकाकरांस' म्हणताना तिची बोबडी वळायची, आता धाकट्यांना दम देते. मधला ढोलकी वाजवतो. आपल्या गाण्यांना वाजवतो तसा शनिवारी मारुतीच्या पारावर भजनालाही बसतो, हे तुम्हाला दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगते. तिथल्या बुवांनीच त्याला हात शिकवला. आमच्याकडे शिकवणारं कोण होतं?

आता आईला विचारायचं असेल ते प्रसादाचं. विचार, मला चालेल. गणपतीत शाळेतून येताना तिघांच्याही हातात मोदक असतो. यांच्या आई असताना त्यांची शिस्त कडक होती, घ्यायचाच नाही. मी ते चालवलं नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला मूर्तीपुढच्या नैवेद्याबद्दल लिहिलं आहे ते मी थोरलीबरोबर सावकाश वाचलं, पहिल्या पत्राचा आठवा अध्याय. तिचा निष्कर्ष असा निघाला की खाण्याने माणूस देवाच्या जवळ जात नाही आणि दूरही जात नाही, पण ज्याच्या मनाला लागेल त्याच्यासमोर खाऊ नये. म्हणून सिस्टरबाईंच्या अंगणात मोदक खायचा नाही, कारण त्यांना वाईट वाटतं. आमच्या अंगणात खायचा. पाळकसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले आणि काही बोलले नाहीत. माझं मत विचाराल तर, देणाऱ्याने प्रेमाने दिलेलं परत करायला मी माझ्या पोरांना शिकवणार नाही. आरतीला हात जोडायचे का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो मुलं स्वतःच सोडवतात. मधला म्हणतो, "मी नुसतं उभं राहतो, शाळेत राष्ट्रगीताला उभं राहतो तसं."

तान्ह्या पोळ्याला बाबांनी पाठवलेला लाकडी बैल घेऊन धाकटी गावभर फिरली. घरोघरी खाऊ मिळाला, कोणी पैसे दिले. एका आजीने बैलाला गंध लावलं आणि हिच्याही कपाळाला. घरी आल्यावर हिने आरशात पाहिलं आणि विचारलं, "मी आता कोण?" मी म्हटलं, "तू चिकट झालीस, हातपाय धू."

पावसाळ्यात नाल्याला पूर आला तेव्हाचं तर तुम्हाला सांगायचंच राहिलं. उन्हाळ्यात बाबांनी मुलांना स्कॉच मिशनच्या हिस्लॉपसाहेबांची गोष्ट सांगितली होती ना, 1845 ला नागपुरात आले, गावोगाव फिरले आणि 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परत येताना रात्री ओढ्याच्या पुरात वाहून गेले ती? त्या वेळी मधल्याचा एकच प्रश्न होता, "घोड्याचं काय झालं?" तर जुलैत पाळकसाहेब नाल्याच्या पलीकडे मोटारसायकल घेऊन उभे, पाणी फरशीच्या पुलावरून चाललेलं आणि हा अलीकडून जिवाच्या आकांताने ओरडतोय, "साहेब, येऊ नका, हिस्लॉपसाहेबासारखं होईल!" पाळकसाहेबांनी तिथूनच हात वर करून आशीर्वाद दिला आणि गाडी वळवली. प्रभुभोजन पुढच्या महिन्यावर गेलं.

आता जरा कडू. रविवारचं आमचं नीट बसत नाही. वेचणीच्या दिवसांत मजूर मिळतात तेव्हा घ्यावे लागतात. बायका रविवारी येतो म्हणाल्या तर "आमचा शब्बाथ आहे" सांगून परत पाठवण्याची ऐपत आमची नाही. बोंडातून फुटलेला कापूस आमच्या प्रार्थनेसाठी थांबत नाही आणि मध्येच पाऊस आला की सगळाच काळवंडतो. म्हणून दिवाळीपासून नाताळापर्यंत उपासना संध्याकाळी. बाबा, तुम्ही रेल्वेत होतात तेव्हा रविवारची ड्यूटी तुम्हालाही लागायचीच. शेतीला तर सुट्टीच नाही. संत्र्याचं म्हणाल तर ऑगस्टात फळगळ इतकी झाली की झाडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. उरलेली आंबिया बहाराची संत्री व्यापाऱ्याने गेल्या आठवड्यात तोडून नेली, हिशेब अजून झालेला नाही. बाग आता पाणी तोडून ताणावर सोडली आहे. तरी हंगामाच्या सणाला यांनी निवडून एक क्रेट देवळात नेला. लिलावात तो सिस्टरबाईंनी बाजारभावाच्या दुपटीने घेतला आणि घरी आल्यावर अर्धा क्रेट आमच्याच पोरांना वाटला.

सासऱ्यांची कबर धुऱ्यावर आहे हे तुम्हाला माहीतच आहे. गावात आपल्या लोकांसाठी वेगळी जागा नाही, अर्ज दिलेला आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, आईला वाईट वाटतं.

पण सगळ्यात जास्त मला ज्याने छळलं ते शाळेतल्या फॉर्मने. थोरलीची जिवलग मैत्रीण बौद्ध. दोघींच्या पणज्या एकाच वस्तीतल्या, एकाच विहिरीपासून लांब उभ्या राहणाऱ्या. मैत्रिणीच्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली. यांच्या पणजोबांनी त्याच्या कितीतरी आधी बाप्तिस्मा घेतला. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले तेव्हा मैत्रिणीच्या कागदावर अनुसूचित जाती आणि हिच्या कागदावर इतर मागासवर्ग. मला तिला सगळं सांगावं लागलं. 1950 च्या आदेशात अनुसूचित जातीत आधी फक्त हिंदू धरले होते, 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे सरकार म्हणतं आपली जात गेली. मग गावात आपल्याला अजून त्याच वस्तीतले काऊन म्हणतात?"

बाबा, तुमच्याकडे आहे का याचं उत्तर? माझ्याकडे नव्हतं. पण हा प्रश्न तिला नागपुरात सदरमधल्या शाळेच्या बाकावर पडला नसता आणि तो पडायला हवा होता असं मला वाटतं. त्यानंतर ती आपणहोऊन यांच्या पणजोबांची माहिती विचारायला लागली. कोणत्या साहेबाने बाप्तिस्मा दिला, नाव काय ठेवलं, वस्तीने त्यांना वाळीत टाकलं का. मोठ्या दिरांकडून तिने एक अख्खी वही भरून घेतली आहे. आम्ही ख्रिस्ती का आहोत हे मला तिच्या वयात कोणी विचारलंच नाही. आजूबाजूला सगळेच तसे होते.

तुमचं एक मात्र शंभर टक्के बरोबर आहे, ते यांनाही मान्य आहे. वर्गात ही एकटीच आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी शाळा असली की नवा फ्रॉक घालून ही एकटीच जाते. तिच्या वयाची, तिच्यासारखी, भांडायला आणि कुजबुजायला एकही मुलगी इथे नाही. अलीकडे ती मोबाईलवर तिकडच्या गायनमंडळीचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघते. मी पाहून न पाहिल्यासारखं करते.

म्हणून आम्ही दोघांनी बसून असं ठरवलं आहे. आठवी ते दहावी इथूनच, एसटीने. मुलींना पास मोफत आहे आणि दिरांची मुलगी त्याच गाडीने जाते. उन्हाळ्याची सुट्टी पूर्ण तुमच्याकडे. दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) वर्गही तिकडेच, तिच्या वयाच्या मुलींबरोबर, त्याबद्दल पाळकसाहेबांशी बोलणं झालं आहे. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसच्या वर तापतं हे माहीत असूनही ती नाचतेय. अकरावीला हिस्लॉप कॉलेजात घालू. 1883 पासून उभं आहे, अजून चार वर्षं थांबेल. तेव्हा ती तुमच्याकडेच राहील आणि तेव्हा तुम्हीच म्हणाल, हिला हॉस्टेलला टाका, फार प्रश्न विचारते.

बाबा, रागावू नका. रागावलात तर इथे येऊन रागवा. 24 तारखेला सकाळच्या गाडीने काटोलला उतरा, हे घ्यायला येतील. संध्याकाळी पोरं कॅरोल घेऊन निघतात, चार घरं कधीच संपतात, मग अख्खं गावच घेतात. गेल्या वर्षी सरपंचांच्या वाड्यासमोर चहा झाला, पारावर चिवडा. एक म्हातारी विचारत होती, "तुमचा देव गोठ्यात काऊन जन्मला बाप्पा, घर नव्हतं का?" धाकटीने तिला योसेफ आणि मरीयेची सगळी कथा सांगितली, खानेसुमारीसकट. म्हातारी म्हणाली, "म्हणजे गरिबाच्याच घरचा आहे." यंदा बाबा तिच्याशी बोलतील असं मी सांगून ठेवलंय.

करंज्यांना बावीस तारखेपासून शेजारणी येतात, आपापली लाटणी घेऊन. आई, तुझं पितळी कातणं आण, इथलं बोथट झालंय. अनारशाचं पीठ तिकडूनच भिजवून आणलंस तर बरं, माझं जमत नाही. स्वेटर दोघांनी दोन-दोन आणा. तुमच्या फ्लॅटमध्ये थंडी कळत नाही, इथे पहाटे हात बधिर होतात. आणि बाबा, पेटीचे दोन सूर बसले आहेत. तिकडे चांगला दुरुस्ती करणारा असेल तर विचारून ठेवा. जानेवारीत तुम्ही परत जाताना बरोबर देईन. पण जानेवारीच्या आधी जायचं नाही.

तुमची,
बेबी