‘व इतर’मधल्या मुली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेचा निकाल नुकताच वर्तमानपत्रात वाचला. चार ओळींची बातमी होती. विजयी संघाचं नाव होतं, प्राचार्यांचं होतं, बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांचंही होतं. खेळलेल्या मुलींपैकी फक्त कर्णधाराचं नाव होतं आणि पुढं ‘व इतर’. १९९४ साली अशाच एका बातमीत मीही ‘व इतर’मध्ये होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मी पहाटे उठून अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगचे, म्हणजे डब्ल्यूएनबीएचे, प्लेऑफ सामने बघितले. तिकडे रात्री आठला सामना असला की आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. एकीकडे नळाचं पाणी भरायचं आणि एकीकडे मोबाइल ओट्यावर टेकवून ठेवायचा. हे वेड मला मुलीमुळे लागलं. ती शिकायला साउथ कॅरोलिना विद्यापीठात होती, कोलंबिया शहरात. तिच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. विद्यापीठाच्या मुलींचा घरचा एकही सामना त्या चुकवत नसत. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मुली शिक्षण संपवून व्यावसायिक संघांत गेल्या, कुणी लास वेगासला, कुणी इंडियानाला, तरी बाईंच्या तोंडी त्या सगळ्या ‘आमच्या मुली’च होत्या. कुणाचा गुडघा दुखावला, कुणी कोणत्या सामन्यात किती रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेले चेंडू, घेतले, हे त्यांना घरच्या लेकीबाळींसारखं पाठ.

त्या वर्षीच्या उपांत्य फेरीत त्यांची पंचाईत झाली. लास वेगासच्या एसेस संघाकडे एजा विल्सन आणि समोर इंडियाना फीव्हर संघाकडे आलिया बोस्टन. दोघी साउथ कॅरोलिनाच्याच, दोघींना घडवलं डॉन स्टेली या एकाच प्रशिक्षकबाईंनी, आणि दोघींनी कॉलेजात असताना राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेलं, एकीनं २०१७ ला, दुसरीनं २०२२ ला. मालिका पाचव्या सामन्यापर्यंत ताणली आणि तो सामनाही जादा वेळेत गेला, १०७-९८. एसेस जिंकले. बाईंना आनंद झाला आणि वाईटही वाटलं, असं मुलीनं फोनवर सांगितलं. पुढं अंतिम फेरीत एसेसनी फिनिक्स मर्क्युरीला ४-० नं हरवलं. त्यातल्या तिसऱ्या सामन्यात ८८-८८ अशी बरोबरी असताना विल्सननं अंगावर आलेल्या दोघींच्या हातांवरून चेंडू रिंगमध्ये टाकला, तेव्हा घड्याळात सेकंदाचे तीन दशांश उरले होते. माझी बादली भरून वाहत होती आणि मला कळलंही नाही.

ही माया आपोआप उगवत नाही. पुरुषांच्या एनबीएमध्ये एकोणिसाव्या वर्षी जाता येतं. डब्ल्यूएनबीएचा नियम वेगळा आहे. अमेरिकन मुलीला बाविसावं वर्ष लागण्याच्या किंवा पदवी पूर्ण होण्याच्या बेताला यावं लागतं. म्हणजे बहुतेक मुली चार वर्षं कॉलेजकडून खेळतात, आणि तेवढी वर्षं गावानं त्यांना नावानिशी बघितलेलं असतं. त्याच्याही मागे अमेरिकेतला १९७२ चा कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेद करायला त्यानं बंदी केली आणि मुलींच्या खेळाला मैदानं, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. लीग आली त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९९७ साली. आधी कॉलेजचं मैदान, मग लीग. साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या बास्केटबॉल स्टेडियमबाहेर विल्सनचा पुतळा आहे. वर्णभेदाच्या काळात तिच्या आजीला त्याच विद्यापीठाच्या आवारातून चालत जायची मुभा नव्हती, वळसा घालून जावं लागे. मुलीनं त्या पुतळ्याचा फोटो पाठवला होता. मी तो अजून जपून ठेवला आहे.

आता आमचं सांगते. आम्ही सिमेंटच्या मैदानावर खेळायचो. पडलं की गुडघे सोलायचे. झोनल, म्हणजे विभागीय स्पर्धा जिंकून इंटरझोनलला, म्हणजे आंतरविभागीयला, एसटीनं कोल्हापूरला गेलो होतो, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मी गार्ड, जर्सी क्रमांक ११. आमची पिव्हट, म्हणजे बोर्डाखाली खेळणारी, कवठेमहांकाळकडची. बोर्डाखाली ती उभी राहिली की रिबाउंड दुसऱ्या कुणाला मिळायचाच नाही. वडिलांनी शेवटच्या वर्षाच्या आधीच तिचं लग्न केलं. पंधरा वर्षांनी मला ती विट्याच्या बाजारात भेटली. हाक मी मारली, पण आडनाव बदललेलं, राहणी बदललेली, तिच्या सोबतच्या सासूबाईंना ती कधी खेळत होती हेच माहीत नव्हतं. तिला विचारलेलं नाही, म्हणून तिचं नाव इथं लिहीत नाही. नाहीतर आज ते मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं. त्या बातमीचं कात्रण २०१९ च्या पुरात माहेरच्या ट्रंकेत भिजून गेलं. ते असतं तरी त्यात आम्हा दोघींची नावं नव्हतीच.

सांगलीकरांना खेळाडू मुलीचा वर्षानुवर्षं माग ठेवता येत नाही, असं कुणी म्हणू नये. स्मृती मानधना इथंच वाढली. २ नोव्हेंबर २०२५ ला भारतीय मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा ‘आपली स्मृती’ म्हणताना आमच्या गल्लीतल्या आज्यांचेही डोळे भरून आले. कारण इतकी वर्षं आपण तिचं नाव वाचत, ऐकत आलो.

आपल्याकडे डब्ल्यूएनबीएसारखी वर्षानुवर्षं टिकलेली लीग नाही, हे मला कळतं. ती उभी करणं वर्तमानपत्राचं काम नाही. पण नाव छापणं आहे. माझी विनंती एवढीच आहे, की कॉलेज मुलींच्या निकालात संघातल्या सगळ्यांची पूर्ण नावं द्या, गावासकट. बारा नावांना तीन ओळी लागतात, पाहुण्यांची दोन नावं कमी केली तर जागा होते. आणि कुणी पुढं विद्यापीठाच्या संघात, रेल्वेत, पोलिसांत खेळायला गेली, तर बातमीत तिचं जुनं कॉलेज लिहा. लग्न झालं असेल तर माहेरचं आडनावही लिहा, म्हणजे जुन्या बातमीतली मुलगी ती हीच, हे वाचणाऱ्याला कळेल.

यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना मी रजा टाकून मैदानावर जाऊन बघितला. हरलेल्या संघात ७ नंबरची एक बारीक मुलगी होती. डाव्या हातानं ले-अप घेत होती, म्हणजे पळत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकत होती, आणि दोनदा पडूनही उठून पळत होती. शेजारी उभ्या असलेल्यांना मी तिचं नाव विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपर उघडून शोधलं, तिथंही नव्हतं. पुढच्या मोसमात ती खेळली, तर तिचं नाव मला तुमच्या पानावर वाचायला मिळावं.

आपली,
जर्सी क्रमांक ११
विश्रामबाग, सांगली