23 जिंकले, 43 हरले

मिसिसागा, कॅनडा
6 मे 2012

ती. बाबांना शि. सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सारखा हरणारा संघ, त्याच्यापायी एवढा जीव का टाकतेस?" तेवढ्यात कार्ड संपलं. ते उत्तर मनात घोळत राहिलं, म्हणून आज रविवारी निवांत लिहायला बसले.

माझ्या या बास्केटबॉल संघाचा, टोरोंटो रॅप्टर्सचा, यंदाचा हंगाम मुळात सुरूच होईना. कमाईच्या वाटणीवरून सगळ्या संघांचे मालक आणि खेळाडू यांची जुंपली होती. खेळाडूंचा 57 टक्के वाटा मालकांना कमी करायचा होता. जुलैपासून डिसेंबरपर्यंत टाळं लागलं आणि अखेर निम्म्यानिम्म्याच्या आसपास तडजोड झाली. 82 सामन्यांचे 66 उरले, तेही जेमतेम चार महिन्यांत कोंबले. प्रत्येक संघाला एकदा तरी लागोपाठ तीन रात्री खेळावं लागलं. आज एका शहरात, उद्या दुसऱ्या. सरावाला दिवसच हाती लागत नव्हता. जिल्ह्याच्या स्पर्धेआधी महिनाभर तुम्ही शाळेच्या पोरांना पहाटे साडेपाचला मैदानावर उभं करायचात. सराव नाही म्हणजे काय, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

त्यात प्रशिक्षक नवे, ड्वेन केसी. आदल्या वर्षी अजिंक्य ठरलेल्या डॅलस संघाचे ते सहायक प्रशिक्षक होते. 2010 मध्ये इथला सगळ्यात मोठा खेळाडू ख्रिस बॉश मायामीच्या संघात गेला तेव्हापासून इथं नव्यानं मोट बांधणं चाललंय. गेल्या वर्षी 30 संघांत यांचा बचाव शेवटच्या नंबरचा होता. केसींनी काय करावं? खेळाडूंच्या खोलीत एक भलाथोरला दगड आणून ठेवला. 1,300 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ सहा क्विंटल! सांगणं एवढंच, की घाव घालत राहा.

ते वाचलं आणि मला आपल्या घरामागची खाण आठवली. तिथले वडार आजोबा आधी दगडावर तळहात फिरवून शीर शोधायचे आणि मग घण उचलायचे. कितीतरी वेळ नुसता ठण्‌ ठण्‌ आवाज, दगडावर ओरखडासुद्धा नाही. मी कठड्यावर बसून वाट बघायची, तुम्ही जेवायला हाका मारायचात आणि नेमका तेव्हाच तो फुटायचा.

इथला दगड यंदा फुटला नाही. आपला मुख्य खेळाडू आंद्रेआ बार्न्यानी पोटरीच्या दुखण्यानं 31 सामनेच खेळला. पण बचाव तळातून उठून मधल्या फळीत आला. आणि हिशोब बघा: गेल्या वर्षी 82 सामन्यांत 22 विजय, यंदा 66 सामन्यांत 23. सोळा सामने कमी खेळून एक जास्त. वर्तमानपत्रात नुसतं '43 पराभव' येतं, त्यात हे कुठं दिसणार?

26 एप्रिलचा शेवटचा सामना मी मैदानात, अगदी वरच्या रांगेतून पाहिला. समोर न्यू जर्सी नेट्स. त्यांचाही त्या नावानं तो शेवटचाच सामना, कारण पुढच्या हंगामात ते ब्रुकलिनला जाणार. इथला नियम असा, की जो जास्त हरतो त्याला नव्या पोरांच्या निवडीत वरचा नंबर मिळायची संधी जास्त. त्या रात्री हरण्यातच फायदा होता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी पोरं जीव तोडून धावली, 98-67 अशी जिंकली. हंगाम संपता संपता संघात घेतलेला बेन उझो, मागच्या वर्षी नेट्सकडूनच खेळलेला, त्यानं 12 गुण, 11 रिबाउंड (हुकलेला चेंडू झेलणं) आणि 12 असिस्ट (ज्या पासवर सहकाऱ्यानं बास्केट केलं ते) असे तिन्हीत दोन अंकी आकडे गाठले. चेंडू बाहेर जाताना त्याच्यामागे झेपावणारे ते खेळाडू बघून माझ्या घशाशी आवंढा आला. वरच्या रांगेतली आम्ही सगळी अनोळखी माणसं उभी राहून ओरडत होतो.

त्या विजयामुळं गोल्डन स्टेट संघाशी पराभवांची बरोबरी झाली, मग नाणेफेक झाली, ती आपण हरलो. म्हणजे निवडीत एक नंबर मागे. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही, बाबा. 'फायदा बघून हरायचं' असं तुम्ही एकाही पोराला शिकवलं नाहीत.

मागच्या वर्षी निवडलेला योनास वालान्च्यूनास लिथुएनियातच खेळत होता, तो यंदा येईल म्हणतात. उंचापुरा पोरगा, आजच वीस वर्षांचा झाला.

पाकिटात त्या दिवसाच्या तिकिटाचा तुकडा घातलाय, तुमच्या वहीत ठेवा. शाळेतल्या रिंगची जाळी फाटली होती, ती बदलली का? नसेल तर दिवाळीत येताना इथून दोन आणते. आईला आणि आजीला नमस्कार.

तुमची
माई