साल्हेरवरून उतरल्यावर

नाशिक

ती. आई-बाबा यांना,
शि. सा. नमस्कार.

आई, शनिवारी रात्री माझा फोन लागला नाही तेव्हा मैत्रिणीकडे होते असं मी सांगितलं. ते खोटं होतं. त्या रात्री मी साल्हेर किल्ल्यावर एका गुहेत झोपले होते. आधी सांगितलं असतं तर तुला झोप लागली नसती आणि तुझा आवाज ऐकून माझाही पाय निघाला नसता. खोटं बोलले याची रुखरुख आहे. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहूनच कळवते.

साल्हेर बागलाणात, सटाण्याच्याही पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून आहे. उंची १५६७ मीटर. राज्यात कळसूबाईनंतर हेच शिखर. मला उंचीचं किती भय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पऱ्यावरच्या साकवाशी मी रोज रडायचे, म्हणून बाबांना शाळेपर्यंत यावं लागायचं.

वाघांब्याहून खिंडीपर्यंतची चढण दमवणारी, पण भीती वाटली नाही. कातळात कोरलेल्या पायऱ्याही चढले, कारण तोंडासमोर दगड होता आणि हाताला आधार मिळत होता. दरवाजे ओलांडल्यावर मात्र वाट कड्याला धरून आडवी जाते. एका बाजूला गुहा, दुसऱ्या बाजूला नुसती दरी. तिथे पाय जागच्या जागी थिजले. तळहात ओले झाले आणि दरी आपल्याला ओढते आहे असं खरोखर वाटायला लागलं.

आमच्याबरोबर एक फिजिओथेरपिस्ट ताई होत्या. त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डावा हात कड्याला लाव, आणि माझ्या सॅकच्या पट्ट्याकडे बघत चल." नंतर त्यांनी कारणही सांगितलं. आपला तोल डोळे, कानाचा आतला भाग आणि पाय मिळून सांभाळतात. अंग किती हललं हे डोळ्यांना जवळच्या वस्तूवरून कळतं. दरीकाठी नजरेसमोरचं सगळंच लांब असतं, त्यामुळे डोळ्यांना अंदाज येत नाही आणि अंग जास्त झुलतं.

बाबा, मला तेव्हा तुमचा निळ्या रेघांचा सदरा आठवला. "पाण्याकडे बघू नको, माझ्या पाठीवरच्या रेघा मोज," असं म्हणून तुम्ही साकवावर पुढे चालायचात. मी सतरा-अठरापर्यंत मोजायचे तोवर पलीकडचा काठ यायचा. तुम्हाला हे कोणी शिकवलं होतं, की माझ्याकडे बघून सुचलं? मी कधी विचारलंच नाही.

सूर्यास्ताआधी सगळ्यात वरच्या टोकावर गेलो. तिथे परशुरामाचं छोटं देऊळ आहे. समुद्र हटवून कोकण वसवणारा बाण परशुरामाने इथूनच सोडला, असं इकडचे लोक सांगतात. आई, आपण चिपळूणला परशुरामाच्या देवळात जातो, तिथली माती या डोंगरावरून मिळालेली! मी तुझ्या नावाने हात जोडले. आणि बाबा, १६७२ ची लढाई याच डोंगराच्या पायथ्याशी झाली. मोरोपंत आणि प्रतापराव मुघलांशी उघड्या मैदानात लढले आणि जिंकले. तुम्ही असतात तर खालचं एकेक शेत बोट दाखवून विचारलं असतंत.

रात्री थंडी कडाक्याची होती. मी गुहेच्या भिंतीला पाठ लावून पडले. मध्यरात्री बाहेर जावं लागलं तेव्हा ताईंना उठवलं. डोक्यावरच्या दिव्याचा उजेड पायापुरता पडत होता, बाकी काळोख. दरी होती तिथेच होती, पण दिसत नव्हती, आणि मी बरीचशी शांत होते. खाली डांगातल्या गावांचे दिवे लुकलुकत होते. मी दोन मिनिटं, उभी राहून, ते बघितले.

उतरताना तीच आडवी वाट पुन्हा आली. भीती गेली नव्हती. या वेळी पुढे चालायला मीच कोणाला तरी सांगितलं आणि त्याच्या जॅकेटवरची शिलाई मोजत आले.

शेवग्याच्या शेंगा मिळाल्या. पुढच्या खेपेला मुंबईकर काकांकडे नको, एसटीने थेट पाठवा. आणि बाबा, तो सदरा फडक्यात गेला नसेल तर बाजूला काढून ठेवा. मी गणपतीला येते आहे.

तुमची,
धाकटी