चालू खाते उघडताना कोकणातील नवव्यावसायिकांची होणारी अडवणूक

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

नोकरी सोडून गावी स्वतःचा व्यवसाय सुरू करणाऱ्या माणसाने भांडवल, जागा आणि गिऱ्हाईक यांची जुळवाजुळव करावी लागणार हे गृहीतच धरलेले असते. पण व्यवसायाच्या नावाने बँकेत एक साधे चालू खाते उघडण्यासाठी आठवडेच्या आठवडे खेटे घालावे लागतील, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात हा अनुभव मी स्वतः घेतला आहे आणि माझ्यासारख्या अनेकांकडून ऐकलाही आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत या अडचणीवरचा उपाय आधीच दिलेला असताना तो शाखेच्या काउंटरवर कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

मी मालवण तालुक्यात फ्रीज, डीप फ्रीजर आणि एसी दुरुस्तीचे काम करतो. हेच काम मुंबईत पगारावर करत होतो. तारकर्ली-देवबाग परिसरातील होम-स्टे, खानावळी आणि मासळीचे व्यापारी हे माझे ग्राहक आहेत. किरकोळ दुरुस्तीचे पैसे कोणीही मोबाइलवरून पाठवतो. परंतु वर्षभराच्या देखभालीचा करार करायचा म्हटला की मालक व्यवसायाच्या नावाचे पक्के बिल मागतात आणि रक्कमही त्याच नावाच्या खात्यात भरू इच्छितात, कारण त्यांच्या हिशेबनिसाला तसे लागते. व्यापारी संस्थेच्या नावाने, मग ती एकल मालकीची का असेना, बचत खाते उघडण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, त्यामुळे चालू खात्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय लहान व्यावसायिकाने अनुमानित पद्धतीने प्राप्तिकर भरायचे ठरवल्यास रोखीच्या उलाढालीवर किमान ८ टक्के नफा धरला जातो, तर बँकेमार्फत किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के. व्यवहार बँकेतून व्हावेत असा सरकारचाच आग्रह असताना त्या बँकेत प्रवेश मिळवणे इतके कठीण का असावे?

एकल मालकीच्या व्यवसायाला वेगळे पॅन नसते, मालकाचे पॅन आणि आधार हीच त्याची ओळख. त्याखेरीज व्यवसाय खरोखर चालू आहे हे दाखवणारी, व्यवसायाच्या नावाची दोन कागदपत्रे बँक मागते. उद्यम नोंदणीचे, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या सरकारी नोंदणीचे प्रमाणपत्र, दुकाने व आस्थापना कायद्याखालील परवाना म्हणजे आपला गुमास्ता, जीएसटी किंवा व्यवसाय कराचे प्रमाणपत्र, आयात-निर्यात कोड, व्यवसायाचे उत्पन्न दाखवणारे प्राप्तिकर विवरणपत्र, वीज, पाणी किंवा लँडलाइनचे बिल, यांपैकी कोणतीही दोन चालतात. यादी ऐसपैस दिसते खरी, पण काल व्यवसाय सुरू केलेल्या माणसाच्या हाती यातले काय असणार? विवरणपत्र पहिले आर्थिक वर्ष संपल्याशिवाय भरता येत नाही. जीएसटी नोंदणी सर्वसाधारणपणे सेवा देणाऱ्याला वार्षिक २० लाखांपर्यंत आणि माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत सक्तीची नाही. असे असूनही तालुक्याच्या एका शाखेत मला ‘जीएसटी नंबर घेऊन या, म्हणजे लगेच करू’ असे सांगण्यात आले. ज्याची उलाढाल अद्याप काही लाखांतही नाही, त्याने केवळ बँकेच्या सोयीसाठी ही नोंदणी घ्यावी, मग एक पैशाची विक्री नसली तरी विवरणपत्रे भरत राहावीत आणि ती चुकल्यास विलंब शुल्क सोसावे, हा सल्ला मला अन्यायाचा वाटतो.

उद्यम नोंदणी मात्र खरोखर सोपी आहे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या आधारे, स्वयंघोषणेने आणि पूर्णपणे विनामूल्य होते. तरीही सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळे थाटून हजार-दोन हजार रुपये उकळणारे मध्यस्थ आहेत, आणि आमच्याकडच्या कित्येकांनी ते भरलेही आहेत, याबद्दल वाचकांनी सावध राहावे.

गुमास्त्याची गोष्ट वेगळी आहे. राज्याच्या २०१७ च्या कायद्याने लहान आस्थापनांची नोंदणीतून सुटका केली आणि त्यांनी व्यवसाय सुरू झाल्याची ऑनलाइन सूचना देणे पुरेसे ठरवले. या सूचनेची जी पावती मिळते ती काही शाखा स्वीकारतात, तर काही शाखा ‘हा परवाना नव्हे’ म्हणून परत करतात. बँकांच्या यादीत महानगरपालिका-नगरपालिकांनी दिलेल्या परवान्याचा उल्लेख असतो. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी येथे नगरपरिषदा आहेत, कणकवली-कुडाळला नगरपंचायती आहेत. बाकी जवळपास सगळा जिल्हा ग्रामपंचायतींचा आहे. ग्रामसेवकाच्या सहीचा दाखला चालेल की नाही, याचे उत्तर मला त्या शाखेत ठामपणे कोणीच देऊ शकले नाही.

उरते ते वीजबिल, आणि इथे कोकणातला माणूस जितका अडकतो तितका क्वचितच दुसरीकडचा अडकत असेल. घर आजोबा-पणजोबांच्या नावाचे, मीटर त्यांच्याच नावाचे. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यातील अर्धे सहहिस्सेदार मुंबई-ठाण्यात, काही हयात नाहीत आणि त्यांची वारसनोंद झालेली नाही. अशा घराच्या पडवीत किंवा मागच्या मांगरात जो दुकान मांडतो, त्याच्याकडे बँक जागेचा पुरावा मागते. तो नाही म्हटले की सर्व सहहिस्सेदारांचे संमतीपत्र मागते. आमच्याकडे असे संमतीपत्र मिळवायचे म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत थांबणे आले, कारण सगळी भावकी एका छपराखाली यायची ती तेव्हाच. तोवर अर्धे वर्ष निघून जाते. बँकेला हवा असतो तो व्यवसाय या पत्त्यावर चालतो याचा पुरावा. घराची मालकी कोणाची, हा प्रश्न तारण घेताना विचारावा, चालू खाते उघडताना त्याचे प्रयोजन नाही.

मुंबईहून परतलेल्यांची आणखी एक अडचण आहे. त्यांच्या आधारकार्डावर डोंबिवलीचा किंवा नालासोपाऱ्याचा पत्ता असतो, आणि ‘आधी आधार बदलून आणा’ असे सांगून त्यांना परत पाठवले जाते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे ग्राहकाने आधार क्रमांकाद्वारे ओळख पटवली असेल आणि त्याचा सध्याचा पत्ता वेगळा असेल, तर त्याचे स्वयंघोषणापत्र पुरेसे असते. ही तरतूद चाकरमान्यांच्या जिल्ह्यातील प्रत्येक शाखेत तोंडपाठ असायला हवी होती.

याहून महत्त्वाची तरतूद दोन कागदपत्रांच्या अटीबद्दल आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. ‘आपला ग्राहक ओळखा’ म्हणजे केवायसीविषयक जे निर्देश रिझर्व्ह बँकेने काढले आहेत, त्यांतच असे म्हटले आहे की ग्राहकाला दोन कागदपत्रे देणे शक्य नाही अशी बँकेची खात्री झाल्यास ती आपल्या अधिकारात एकच कागदपत्र स्वीकारू शकते. मात्र त्यासाठी तिने व्यवसायाच्या जागेची प्रत्यक्ष पडताळणी केली पाहिजे आणि व्यवसाय त्या पत्त्यावर चालतो याची खात्री करून घेतली पाहिजे. म्हणजे एक उद्यम प्रमाणपत्र आणि बँकेच्या माणसाची एक भेट एवढ्यावर खाते उघडता येते. हा बँकेचा स्वेच्छाधिकार आहे, ग्राहकाचा हक्क नाही, याची मला जाणीव आहे. पण जो अधिकार वापरायचाच नाही असे शाखेने मनाशी ठरवले आहे, तो नियमात असून माझ्यासारख्याला काय उपयोग?

बँकांची बाजू मी नाकारत नाही. दुसऱ्याच्या नावाने चालू खाती उघडून त्यांतून सायबर फसवणुकीचा पैसा फिरवण्याचे प्रकार देशभर उघडकीस आले आहेत आणि अशा खात्याची जबाबदारी शेवटी शाखा व्यवस्थापकावर येते. लहान शाखांत कर्मचारी तोकडे असतात, हेही मी पाहतो. तरीही विचार करता असे वाटते की फसवणूक करणारा माणूस कागदपत्रे चोख घेऊन येतो, आणि त्याला उघडे पाडते ती जागेवरची भेटच. गावात येऊन कार्यशाळा पाहावी, शेजारच्या दुकानदाराला विचारावे, चार बिले चाळावीत. तासाभराच्या या कामातून जी खात्री पटते ती दुसऱ्या कागदातून पटणार नाही. कर्जाच्या वसुलीसाठी वाडीवाडीत पोहोचणाऱ्या यंत्रणेला हे अशक्य नसावे.

खाते उघडल्यानंतरचा एक प्रश्नही इथेच मांडतो. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, आणि बहुतेक बँका त्यात सरासरी मासिक किंवा तिमाही शिल्लक ठेवण्याची अट घालतात. आमचा धंदा मात्र हंगामी आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पावसाळ्यात पर्यटक नसतात, आंब्याचा पैसा मेअखेर संपतो. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत खात्यात शिल्लक राखणे माझ्यासारख्याला जड जाते आणि नेमका तेव्हाच दंड कापला जातो. बचत खात्याच्या बाबतीत निदान दंडापूर्वी ग्राहकाला कळवून शिल्लक पूर्ववत करण्यासाठी महिन्याची मुदत देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातलेले आहे. किनारपट्टीतील लहान व्यावसायिकांच्या चालू खात्यांना बँकांनी आपण होऊन तीच सवलत द्यावी, आणि शक्य तर सरासरी वर्षाची धरावी. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पर्यटनाचा हंगाम कधी असतो आणि कधी नसतो, हे इथल्या बँकांना नव्याने सांगण्याची गरज पडू नये.

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जिल्हा सल्लागार समिती असते आणि तिचे कामकाज अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातील बँकांच्या समन्वयासाठी नेमलेली बँक पाहते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील समित्यांना माझी विनंती आहे की एकल मालकीचे चालू खाते उघडण्यासाठी काय लागते याचा एक पानी मराठी तक्ता तयार करून तो प्रत्येक शाखेत दर्शनी भागी लावण्यास सांगावे. त्यात एका कागदपत्रावर आणि प्रत्यक्ष पडताळणीवर खाते उघडण्याची तरतूद, पत्त्याच्या स्वयंघोषणेची तरतूद, आस्थापना सूचनेची पावती आणि ग्रामपंचायतीचा दाखला यांबाबतची भूमिका, हे सारे स्पष्ट लिहिलेले असावे. ग्राहकांसाठीचे छापील साहित्य मराठीतही असावे असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आहेच, तेव्हा यासाठी नव्या आदेशाची आवश्यकता नाही.

आणि अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावे. काउंटरवरून तोंडी ‘होणार नाही’ ऐकून परतलेल्या माणसाला पुढे दाद मागणे कठीण जाते. लेखी कारण हाती असेल तर तो आधी बँकेच्या वरिष्ठ कार्यालयाकडे आणि तिथे ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करू शकतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग